पंधरा मिनिटं, पंधरा वचनं: नव्या विश्वासणाऱ्यासाठी शास्त्रवाचनाची सुरुवात

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण झालं, घरात बायबल आलं, आणि पुढे काय? बहुतेकांचं पहिलं वर्ष इथेच अडतं. उत्साहात उत्पत्तीपासून सुरुवात होते, लेवीयपाशी गाडी रुतते, मग पुस्तक शोकेसमध्ये जातं आणि रविवारपुरतं बाहेर येतं. ज्यांना तसं होऊ द्यायचं नाही त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. तुम्ही कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, वाचायची पद्धत जवळपास तीच आहे. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. आमचा सगळा भर तीन गोष्टींवर आहे: कमी वाचा, लिहिलंय तेच वाचा, आणि त्यातलं काहीतरी एक त्याच दिवशी करा.

आधी पुस्तक

मराठीत आज दोन-तीन तऱ्हेची बायबलं मिळतात. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचलं जातं. त्याची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण उपासनेत कानावर पडणारी वचनं तीच असल्यामुळे पाठांतराला बरं पडतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची मराठी आजची आहे, या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलात ७३. जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा हा फरक आहे, त्यामुळे विकत घेण्याआधी अनुक्रमणिका बघून घ्या. नवा करार दोन्हीकडे सारखाच, २७ पुस्तकांचा.

स्वस्त मिळतं म्हणून बारीक टाइपाची प्रत घेऊ नका. सकाळी अंधुक उजेडात किंवा पावसात लाइट गेल्यावर ती वाचता येत नाही, आणि आठवडाभरात सवय मोडते. मोबाईलवर मराठी बायबल फुकट मिळतं. होडीवर किंवा एसटीत ऐकायला ते उत्तम, पण दरीतल्या वाडीत नेटवर्क नसतं, म्हणून अध्याय आधीच उतरवून ठेवा. रोजच्या वाचनाला मात्र छापील पुस्तकच घ्या. मोबाईल हातात असला की तिसऱ्या वचनाला कुणाचा तरी मेसेज येतोच.

कोकणातल्या पावसाची एक खास अडचण: बायबलचा कागद फार पातळ असतो. जून ते सप्टेंबर तो दमट हवा ओढून घेतो, पानं एकमेकांना चिकटतात, कडांना बुरशी धरते. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर आतली ओल आतच राहते. पावसाच्या झडीच्या भिंतीपासून दूर, फळीवर उभं ठेवा आणि रोज उघडा. रोज उघडलेल्या पुस्तकाला बुरशी सहसा लागत नाही, ही रोज वाचायची आणखी एक सोय.

वेळ

पंधरा मिनिटं पुरतात. पहिलं मिनिट गप्प बसा आणि ‘प्रभू, बोल’ एवढंच म्हणा. पुढची पाच मिनिटं उतारा दोनदा वाचा. त्यातल्या एका वाचनात आवाज बाहेर यायलाच हवा. मग पाच मिनिटं विचार आणि दोन ओळी लिहिणं. उरलेल्या चार मिनिटांत प्रार्थना. तासभर बसायचा संकल्प करणारे बहुधा दहाव्या दिवशी उठतात.

सकाळच हवी असं नाही. पहाटे जाळी घेऊन निघणाऱ्याला सकाळ नसते. त्याने दुपारी परत आल्यावर, जेवणाआधी वाचावं. एप्रिल-मेमध्ये बागेत असणाऱ्याला दिवसच नसतो. त्याने रात्री पडवीत बसावं. नियम इतकाच की वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधलेली असावी: चहाच्या आधी, दिवाबत्तीनंतर. ‘वेळ मिळाला की’ असं ठरवलं तर तो मिळत नाही. मासेमारी बंद असलेले पावसाळ्याचे आठवडे किनाऱ्यावरच्या घरांसाठी खरी संधी असतात. सवय लावायची तर तेव्हा लावा, हंगामाच्या तोंडावर नको.

दिवस चुकला तर भरपाई करू नका. चार दिवसांचे चार उतारे पाचव्या दिवशी वाचायला बसलात की ते थकबाकी फेडल्यासारखं होतं. थांबला होतात तिथून त्या दिवसाचा उतारा घ्या आणि पुढे चला.

कुठून सुरू करायचं

वर्षभरात अख्खं बायबल, ही योजना नव्यांसाठी नाही. ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपवून तुम्ही जानेवारी संपता संपता लेवीयमध्ये पोहोचता. तिथे होमार्पणं, शुद्ध-अशुद्ध आणि याजकांचे नियम असतात. ते का आहेत हे सांगणारं कुणी जवळ नसतं, आणि वाचन तिथेच बंद पडतं. दोष लेवीयचा नाही. त्या पुस्तकाला आधीची तयारी लागते.

सुरुवात मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांतलं हे सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं, साधारण ६८० वचनांचं. रोज पंधरा वचनं घेतली तर दीड महिन्यात होतं. मोजून पंधराव्या वचनावर थांबायचं नसतं. गोष्ट बाराव्या वचनाला संपली तर बारा, अठराव्याला संपली तर अठरा. शेवटी १६:९-२० पाशी (म्हणजे सोळाव्या अध्यायाच्या नवव्या ते विसाव्या वचनांपाशी) बहुतेक प्रतींत टीप दिसेल की हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. घाबरायचं कारण नाही, लपवायचंही नाही. टीप वाचा आणि शंका असेल तर पाळकांना किंवा फादरांना विचारा.

मार्कच्या जोडीला रोज एक स्तोत्र. ११९ वं १७६ वचनांचं आहे, ते आठवडाभर पुरवा. ११७ वं दोनच वचनांचं आहे. त्या दिवशी सुट्टी समजू नका, ते पाठ करा. मार्कनंतर फिलिप्पैकरांस पत्र (चार अध्याय) आणि याकोबाचं पत्र (पाच). मग उत्पत्ती, मग निर्गमचे पहिले वीस अध्याय, त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग, कारण ही दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची आहेत आणि दुसरं पहिल्याच्या पुढून सुरू होतं. प्रकटीकरण पहिल्या वर्षी नको. जुना करार ओळखीचा झाल्याशिवाय त्यातली चित्रं उमगत नाहीत, आणि न उमगलेलं प्रकटीकरण माणसाला जगाच्या शेवटाच्या तारखा काढायला लावतं.

एक उतारा वाचून पाहू: मार्क ४:१-२०

पेरणाऱ्याचा दाखला. पहिल्या वाचनात फक्त बघा: कोण, कुठे, कुणाशी बोलतोय. येशू होडीत बसलाय आणि लोक काठावर उभे आहेत, कारण गर्दीने किनारा भरलाय. मग बी चार ठिकाणी पडतं: वाटेवर, खडकाळीत, काटेरी झुडपांत, चांगल्या जमिनीत.

दुसऱ्या वाचनात ‘का’ विचारा. खडकाळीतलं बी लगेच उगवलं, आणि लगेच का उगवलं याचं कारण पाचव्या वचनातच आहे: माती खोल नव्हती. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जांभ्यावर बोटभर माती असते. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात सगळा सडा हिरवागार होतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यात आधी तोच पिवळा पडतो. सतराव्या वचनात येशू नेमकं हेच सांगतो: मुळं नाहीत म्हणून छळ आला की अडखळतात. म्हणजे भरभर उगवणं ही इथे चांगली खूण नाही, धोक्याची आहे. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रार्थना-मेळाव्यात, रडून, हात वर करून आलेल्या नव्या माणसाने हे वचन स्वतःसाठी जपून ठेवावं.

मग विचाराच्या पाच मिनिटांत त्यात स्वतःला शोधा. इथली नेहमीची चूक म्हणजे काटेरी जमिनीत शेजाऱ्याला बसवणं आणि चांगल्या जमिनीत स्वतःला. एकोणिसाव्या वचनात वाढ खुंटवणाऱ्या तीन गोष्टींची नावं आहेत: संसाराची चिंता, पैशाची फसवणूक, इतर गोष्टींचा लोभ. यातली आज तुमच्या डोक्यात कुठली होती? तीच वहीत लिहा.

शेवटी मिटलेल्या पुस्तकापाशी बसून गोष्ट घरच्या बोलीत सांगून बघा, मालवणीत, कोंकणीत, जी तुमची असेल तिच्यात. पुस्तकी मराठीत वाचलेलं आजीला सांगता आलं तर समजलं. नाहीतर पुन्हा वाचा.

ओळखीचं वाटलं की सावध

किनाऱ्यावरच्या वाचकाला शुभवर्तमानं जवळची वाटतात, कारण त्यांत होड्या, जाळी आणि वादळं आहेत. हा फायदा आहे, पण फसगतही त्यातूनच होते. गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं तळं: सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ रुंद, आणि समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खाली. तिथे भरती-ओहोटी नाही. भोवतीच्या डोंगरांतून वारा अचानक खाली उतरतो आणि शांत तळं थोड्याच वेळात खवळतं. मार्क ४:३५-४१, म्हणजे येशू वादळ शमवतो तो उतारा, वाचताना जूनचं वादळ डोळ्यांपुढे आणलं तर प्रश्न पडतो की हे जाणते मासेमार निघालेच कशाला? ते वेडे नव्हते. निघताना वादळाची चिन्हं नव्हती.

उलट कधी इथलं जगणंच अर्थ उघडून देतं. मत्तय १३:४७-५० मधलं जाळं म्हणजे आपली रापण. होडीने अर्धगोल टाकायची, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि रेतीवर आल्यावर निवडायला बसायचं. जाळं पाण्यात असताना कुणी मासे निवडत नाही. येशू म्हणतो की निवडायचं काम युगाच्या शेवटी देवदूत करतील. मंडळीत ‘हा खरा, तो खोटा’ अशी छाननी करायला घाई झालेल्या नव्या विश्वासणाऱ्याने हा दाखला आठवड्यातून एकदा वाचावा.

आणखी एक खोड. अडचण आली की डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि निघालेलं वचन म्हणजे देवाचं उत्तर मानायचं. हा कौल लावणं झालं. वचनाला मागचं-पुढचं असतं. यिर्मया २९:११ (‘तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत’ अशा अर्थाचं वचन) नोकरीच्या मुलाखतीआधी सगळ्यांना पाठवलं जातं. एक वचन मागे जा, दहाव्यात बाबेलमधल्या बंदिवानांना सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. फिलिप्पै ४:१३ (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो’ अशा अर्थाचं) स्पर्धेतल्या यशासाठी म्हटलं जातं. बाराव्यात पत्र लिहिणारा प्रेषित पौल भुकेलं राहण्याबद्दल आणि भरल्या पोटी राहण्याबद्दल बोलतोय, तेही बंदीत असताना. कुठलंही वचन भिंतीवर लावण्याआधी त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचायची सवय लावा.

वहीतली दुसरी ओळ

शंभर पानी वही घ्या. रोज तारीख, संदर्भ आणि दोनच ओळी. पहिली: काय लिहिलंय. दुसरी: मी काय करणार. ‘मी प्रेमाने वागेन’ ही दुसरी ओळ नव्हे. ती चोवीस तासांत होण्यासारखी असावी आणि तिच्यात कुणाचं तरी नाव असावं. याकोब १:२२ ऐकणाऱ्यांना सांगतो की करणारे व्हा, नाहीतर स्वतःलाच फसवाल.

शास्त्र इथे फार नेमकं बोलतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१४-१५ आणि लेवीय १९:१३ म्हणतात की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. तुमची बाग असेल आणि राखणीला नेपाळहून आलेला माणूस असेल, किंवा ट्रॉलरवर खलाशी असतील, तर ‘हंगाम संपल्यावर एकदम बघू’ हे वाक्य या वचनापुढे ठेवून बघा. ठरल्याप्रमाणे हप्त्याने द्यायचं असेल तर ठरल्या दिवशी द्या, आणि हिशेब त्याच्या हातात लिहून द्या. नीतिसूत्रे ११:१ खोट्या तराजूबद्दल आहे. मासळीच्या काट्यावर बर्फाचं पाणी तोलणं, आंब्याच्या पेटीत वरच्या थराला मोठी फळं आणि खाली बारकी भरणं, देवगडच्या नावाच्या खोक्यात दुसरीकडचा आंबा घालणं, सगळं त्या वचनात बसतं. नव्या विश्वासणाऱ्याची वाढ मोजायची असेल तर आम्ही आधी पेटीचा खालचा थर बघू, मग प्रार्थनेची लांबी.

दर रविवारी मागच्या सात दुसऱ्या ओळी वाचा. झालेल्यांवर खूण करा. तीनच झाल्या असतील तर पुढच्या आठवड्यात ओळी सोप्या करा, वाचन वाढवू नका.

प्रार्थना आणि उपवास

शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९-१३) तुकड्यातुकड्याने घ्या: एक वाक्य म्हणा, थांबा, त्यावर आपलं बोला. स्तोत्रं ही तयार प्रार्थनाच आहेत. ज्यांचं कुणी दर्यावर आहे त्यांनी १०७:२३-३० जवळ ठेवावं. तारवांतून समुद्रावर जाणाऱ्यांचं ते स्तोत्र आहे. मन कोरडं पडलं तर १३ आणि ४२. ८८ वं अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ते शास्त्रात आहे, म्हणून तशी प्रार्थना करायला हरकत नाही. गाता येत असेल तर गा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या ना. वा. टिळकांची भजनं मराठी मंडळ्यांत अजून म्हटली जातात. चालीवर बसलेलं वचन कोरड्या पाठांतरापेक्षा जास्त टिकतं.

उपवासाबद्दल कॅथलिकांचा नियम असा: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं, हवं तर दोनदा थोडंसं खायचं, मांस वर्ज्य १४ वर्षांपासून. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो ऐच्छिक असतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्या माणसांनी जेवण सोडू नये. आता कोकणातली गंमत बघा: शुक्रवारी मटण सोडायचं आणि सुरमई तळायची, यात नियम मोडत नाही, पण सुटलं काय? ज्याचा जीव माशात आहे त्याने उपवासकाळात मासे सोडावेत आणि वाचलेले पैसे बाजूला काढून गरजूला द्यावेत. यशया ५८ एकदा वाचलं की हे का, ते कळेल. आणि मत्तय ६:१६-१८ सांगतं की तोंड धुऊन, तेल लावून नेहमीसारखं दिसा. उपवास स्टेटसवर टाकायचा नसतो.

सोबत हवी

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी आहेत: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. यातली एकही घरी एकट्याने पुरी होत नाही. गाव लहान असेल आणि पाळक किंवा फादर कधीमधीच येत असतील, तर दोन-तीन घरांनी आठवड्यात एका संध्याकाळी जमावं. तासाभरात एक उतारा, प्रत्येकाने एक वाक्य, प्रार्थना, चहा. बोलणारा एकच माणूस असेल तर ती बैठक दोन महिन्यांत मोडते, म्हणून चालवणारा दर वेळी बदला. कॅथलिकांनी रविवारच्या मिस्सेची वाचनं शनिवारी संध्याकाळी घरी वाचून जावीत. प्रवचन निम्मं आधीच समजतं.

शेजार

गणपतीचा प्रसाद घ्यायचा की नाही, भाद्रपदात हा प्रश्न येतोच, तेव्हा तो आषाढातच निवांत सोडवून ठेवा. १ करिंथ ८ आणि १० सलग वाचा. पौल म्हणतो, बाजारात मिळेल ते न विचारता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. प्रसाद हा सांगूनच दिला जातो, म्हणून आम्हांला तो नम्रपणे न घेणं योग्य वाटतं. काही विश्वासणारे तो शेजाऱ्याचा गोडवा म्हणून घेतात; त्यांच्याशी वाद घालण्याआधी रोमकरांस १४ वाचा. न घेणाऱ्याने एकदाच, हसून, ‘काकी, माका तेवढा नको, चाय मात्र घेतंय’ म्हणावं आणि खरंच बसून चहा घ्यावा. दारात उपदेश नको. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगा उचलायला जा, आजारी असेल तर रिक्षा आणून द्या, नाताळात नेवऱ्यांचं ताट पाठवा आणि ते कुणी घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. रोमकरांस १२:१८ म्हणतं की तुमच्याकडून होईल तेवढं सर्वांबरोबर शांतीने राहा.

कुणाचं ऐकू नये

नव्या माणसाकडे उपदेशक लवकर येतात. प्रेषितांची कृत्ये १७:११ मधले बिरुयाचे लोक पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासून बघत होते, मग आपण कुणाचंही तपासावं. संदर्भ विचारा, लिहून घ्या, घरी वाचा. ‘वाचू नका, मी सांगतो’ म्हणणारा, अभिषेकाचं तेल किंवा रुमाल पैशाला विकणारा, अमुक रक्कम पेरली तर दसपट येईल म्हणणारा, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा, अशा माणसाला पुन्हा बोलावू नका. आणि कुणी विश्वासाच्या नावाखाली टीबीच्या, बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर गोळ्या चालू ठेवा, आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, आणि त्या उपदेशकाबद्दल आपल्या पाळकांना किंवा फादरांना त्याच दिवशी कळवा.